चौथ्या नंबरची जोडी

नवतपा लागला की माझा माणसांवरचा विश्वास उडतो. एरवी तो फार भक्कम असतो अशातला भाग नाही. बीरगावच्या एका शाळेत मी गणित शिकवते, आणि परीक्षेच्या वेळी पोट्ट्यांच्या बाहीत, मोज्यात, पाण्याच्या बाटलीवरच्या कागदामागे काय काय निघतं ते मला कोणी सांगायची गरज नाही. पण मे महिना सरता सरता ते सगळ्यांत तापलेले नऊ दिवस आले, रायपूरचे रस्ते भर दुपारी ओस पडले, आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातले दुकानदार अर्धं शटर ओढून आत आडवे झाले, की माझा शाळेतला संशय सुट्टी घेऊन घरी येतो. घरी कूलरसमोर बसलेले असतात माझे आई-बाबा आणि धाकटा भाऊ निखिल. तिघंही एक नंबरचे लबाड.

यंदाही नवतपा आलाच. बुद्धपौर्णिमेची खीर खाऊन झाली, कूलरला वाळ्याची नवी ताटी बसली, तिच्यावर पहिलं पाणी पडलं आणि घरभर तो ओला, मातकट, गोडसर वास पसरला. आईने सकाळी बासी वाढली. रात्रीचा भात पाण्यात ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन खायचा. आई इथलीच, याच पाऱ्यात वाढलेली, त्यामुळे बासीवर तिची श्रद्धा. "पोट थंड तं डोस्कं थंड," म्हणते. पोटाचं मी कबूल करते. डोकं थंड राहिल्याचं त्या नऊ दिवसांत मी आमच्या घरात पाहिलेलं नाही, कारण जेवणं आटोपली की निखिल माळ्यावरून ते खोकं काढतो.

खोक्यातला खेळ त्याने पुण्याला शिकत असताना मित्रांकडून उचलला. वरचं परदेशी नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून ती 'गढ' म्हणाली आणि तेच नाव पडलं. पटावर नदी आहे, जंगल आहे, डोंगर आणि गढ आहेत. ज्याच्या ताब्यात जास्त गढ तो जिंकला. खेळायला रंगीत लाकडी गोट्या, एकेका रंगाची एकेक फौज. लाल घोडेस्वार धावतात, निळे नावाडी नदीने फिरतात, हिरवे जंगलात लपतात, पिवळे बाजार बसवतात, काळे डोंगर पोखरतात. सगळ्या गोट्या एकाच आकाराच्या, फरक फक्त रंगाचा. फौजेसोबत एक कारभारी घ्यायचा, सुतार, वैद, हेर वगैरे. फौज आणि कारभारी मिळून झाली जोडी.

खरी मजा त्या जोडीत. नुसते हिरवे म्हणजे झाडाखाली बसून राहणारे आळशी लोक. पण त्यांना सुतार दिला की तो जंगलातून थेट नदीवर पूल टाकतो, आणि मग ते कधी कुठून निघतील याचा भरवसा नाही. नावाड्यांना वैद मिळाला तर त्यांची मेलेली माणसं उठून पुन्हा वल्हं धरतात. पिवळ्यांना हेर दिला तर बाजारात आलेल्याच्या मनातलं कळतं. ही शेवटची जोडी माझी, हे सांगायला नको.

कोणती जोडी भारी, याचा निकाल आम्ही कूलरच्या पत्र्यावर खडूने लिहितो. नवतप्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्या हारजितीची आठवण काढायची, तोंड दुखेपर्यंत भांडायचं आणि मग नंबर लावायचे. जी जोडी पहिली येईल ती पुढचं वर्षभर घरी बसते, म्हणजे कोणालाच घेता येत नाही. हा नियम बाबांचा. बाबा तेव्हा मालगाडीचे ड्रायव्हर होते. "जे इंजन चांगलं चालते त्यालेच सारे राबवते," ते म्हणाले होते. "इथं तरी त्याले आराम द्या."

नियम चांगला, माणसं वाईट. कारण दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं की आपली लाडकी जोडी वाचवायची असेल तर तिला पहिली येऊ द्यायचं नाही. अधूनमधून हरायचं. तेही बेताने हरायचं, कोणाला कळू न देता. त्यातून आदल्या डावात जो हरला त्याची पुढच्या डावात पहिली निवड, म्हणजे हरण्यात दुहेरी फायदा. झालं! तेव्हापासून आमच्या घरात कोणाची हार खरी मानत नाहीत. आई जिंकता जिंकता एकदम "माय माय, चुकलीच मी" म्हणते, तेव्हा मी तिच्याकडे पेपर तपासताना बघते तशी बघते. निखिल हरला की खांदे उडवतो. "दीदी, तू ना हर बात में शक करती है." मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच येतं त्याच्याकडून. त्यावरही मला संशय आहे, पण तो विषय वेगळा.

या सगळ्यांत बाबा उस्ताद. हिरवी-सुतार ही जोडी सगळ्यांत भारी आहे हे घरातली पाल पण सांगेल. आणि तरी ती वर्षानुवर्षं चौथ्या नंबरवर. पहिली नाही, दुसरी नाही, चौथी. कोणी बोट दाखवलं तर बाबा म्हणणार, "काय बाप्पा, जमतच नाही मले हे पूल बांधणं." आणि दुसऱ्या डावात त्याच पुलावरून येऊन माझा बाजार जाळणार.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मालगाडीच्या इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा सहायक. सिग्नल दिसला की एकाने बोट दाखवून मोठ्याने रंग बोलायचा, आणि दुसऱ्याने स्वतः पाहून तोच रंग परत बोलायचा. ऐकून नाही, पाहून. ही सवय बाबांनी घरात आणली. स्कूटरवर चौकात थांबले की "लाल!" म्हणून ओरडणार, आणि मागे बसलेली आई पदर सावरत "लाल!" म्हणणार. शेजारचे रिक्षावाले हसायचे. मला लहानपणी लाज वाटायची, मोठेपणी मीच मैत्रिणींच्या मागे बसून ओरडायला लागले. खेळातही तेच आलं, कारण गोट्या चोरायला आमच्याकडे कोणी कमी करत नव्हतं. ज्याची खेळी त्याने गोटी उचलून रंग बोलायचा, समोर बसलेल्याने पाहून परत बोलायचा, मग गोटी पटावर.

तर काही वर्षांपूर्वीचा तो नवतपा. उन्हाने खिडकीच्या काचा हाताला चटके देत होत्या, म्हणून आईने पोती भिजवून खिडकीला लावली होती आणि खोलीत भर दुपारी संध्याकाळ झाली होती. तेंदूच्या फळांची टोपली मध्ये, बिया ताटलीत. बाबा नाइट करून आलेले, अंघोळ करून, मानेवर ओला गमछा. आणि बाबा हरत होते. एक डाव, दोन डाव, सलग हरत होते. हिरवी-सुतार घेऊन पूल अर्ध्यावर सोडून द्यायचे. आईचा नावाडी समोर दिसत असताना त्याला आपला समजून गढ मोकळा ठेवायचे.

"हे जास्त होऊन राहिलं हां बाबा," मी म्हणाले. "चौथा नंबर पाहिजे तं चौथ्यापुरतं हरा. एवढी ॲक्टिंग काहून करून राहिले?"

"ॲक्टिंग नाही वो पोट्टे. गरमी हाय. दिमाग चालत नाही."

गरमी सगळ्यांनाच होती. मी लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवणं हा माझा धंदा आहे. वर्गात कॉपी करणारा पोरगा कधी कागदाकडे बघून सापडत नाही, तो बाईकडे बघून सापडतो. बाबा कोणाकडे बघतात ते मी पाहू लागले, आणि मला सापडलं. बाबा गोटी उचलायचे, बोटांत फिरवायचे आणि थांबायचे. समोर बसलेली आई वैतागल्यासारखी म्हणायची, "हिरवा!" मग बाबा म्हणायचे, "हिरवा." उलटं चाललं होतं. ज्याची खेळी त्याने आधी बोलायचं, आणि बाबा प्रत्येक वेळी नंतर बोलत होते. नियम मोडणारा माणूस तोच, ज्याने नियम घालून दिला.

मला वाटलं, यात काहीतरी मोठा डाव आहे. आईसोबत संगनमत आहे. आई रंगाच्या आडून काहीतरी खूण देते. मी दोन दुपारी त्याचाच विचार केला आणि तिसऱ्या दुपारी सापळा लावला. आई कूलरमध्ये पाणी टाकायला उठली तशी मी सरकून तिच्या जागी, बाबांच्या समोर बसले. बाबांची खेळी होती. त्यांनी आपल्या ढिगातली गोटी उचलली, हिरवीच. बोटांत फिरवली. थांबले. मी म्हणाले, "निळा!"

बाबा लबाडी करत असते तर तिथंच उसळले असते. निळा म्हणजे आईचा नावाडी, त्यांचा शत्रू. बाबा म्हणाले, "निळा." आणि आपलाच हिरवा शिपाई त्यांनी नीट हात लांब करून आईच्या निळ्या ढिगात ठेवून दिला.

"बाबा," निखिल म्हणाला, "वो हरा है."

बाबांनी ती गोटी परत घेतली. उठले, खिडकीपाशी गेले, ओलं पोतं एका हाताने बाजूला केलं. बाहेरचं पांढरं ऊन त्यांच्या तोंडावर आलं. गोटी डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"इथं हिरवा हाय," ते म्हणाले.

तिथं काय दिसलं होतं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. मला भीती वाटली. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. बाबांच्या मागे कोळशाचे डबे असतात, किती ते मोजता मोजता लहानपणी माझी मान दुखायची. वाटेत फाटकं असतात, फाटकाशी सायकली धरून माणसं उभी असतात. आणि पुढे अंधारात कुठेतरी एक दिवा असतो.

आई बादली खाली ठेवून माझ्यावर धावून आली. "तुले काय गरज होती, वैशू? मी बोलत होती ना त्यायच्यासाठी!"

म्हणजे आईला ठाऊक होतं. सगळं नाही, पण तिला शंका आलेली होती आणि ती तिच्या पद्धतीने निस्तरत होती. खुणा नव्हत्या, संगनमत नव्हतं. बाई आपल्या नवऱ्याला रंग सांगत होती.

"तू बोलत होती," बाबा तिला म्हणाले. "तिकडं माझा असिस्टंट बोलते. पहिले मी बोलो, मंग तो. आता तो बोलते अन् मी हव म्हणतो. लाल दिसते मले, खोटं नाही सांगत. हिरवा कधी फिक्का दिसते, कधी रस्त्यावरच्या साध्या दिव्यासारखा दिसते. तो पोरगा बोलला की वाटते, हव, हिरवाच हाय."

निखिलने त्या दिवशी जे म्हटलं ते कोणत्याही घरातल्या पोराने म्हटलं असतं. "दो साल तो बचे हैं रिटायरमेंट को. असिस्टेंट है ना साथ में. निकाल लो ना, बाबा." पुढची मेडिकल लांब होती, तोवर कोणी विचारणार नव्हतं. आईने मान हलवली. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते बरं वाटलं. बाबांशिवाय इंजिन चालेल, पण इंजिनाशिवाय बाबा काय करतील हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पहाटे फोन यायचा, ते डबा घेऊन निघायचे, त्यांच्या जाण्यायेण्यावर आमच्या घराचे दिवस-रात्र ठरायचे.

बाबा हसले. "तुझी आई येऊन बसणार हाय का इंजनात?" मग गमछ्याने तोंड पुसून म्हणाले, "सिग्नलचा शक आला तं तो लाल समजाचा. पहिल्या दिवशी हेच शिकवते. गाडी उभी कराची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॉबीत गेले, म्हणजे जिथे ड्रायव्हर ड्युटीवर हजेरी लावतात तिथे, आणि स्वतःच्या तोंडाने सांगून आले. स्कूटर मी चालवली. बाबा माझ्या मागे बसायची ती पहिलीच वेळ. चौकात थांबलो तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघालं, "लाल!" मागून उत्तर आलं नाही. दिवा बदलला, मी "हिरवा" म्हटलं नाही, नुसती स्कूटर काढली.

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, पिकत आलेला. बाबांना इंजिनावरून उतरवून ऑफिसातल्या टेबलाच्या कामावर बसवलं. पुढे ऑपरेशनं झाली, डोळे स्वच्छ झाले, पण इंजिन काही परत मिळालं नाही. टेबलावरूनच ते रिटायर झाले. त्या वर्षी कूलरच्या पत्र्यावर निकाल लिहिलाच नाही आम्ही. आदल्या वर्षीचा खडू पावसाळी दमट हवेने आपोआप पुसला गेला.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली त्या सकाळी बाबा आईकडे बघतच राहिले. "ही साडी एवढी निळी हाय?"

"लग्नाच्या वाढदिवसाले तुम्हीच आणली होती."

"अन् मी इतके साल काय पाहून राहिलो होतो?"

"ते मले काय ठाऊक," आई म्हणाली. "साडी सोडून काय पाहत होते ते तुम्हीच सांगा." म्हातारपणी लाजताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण खेळ मेला. खोकं निघायचं, डाव मांडला जायचा, आणि बाबांनी एखादी चूक केली की आम्ही तिघं गप्प व्हायचो. निखिल हळूच विचारायचा, "दिख रहा है ना, बाबा?" मी दिवा लावायला उठायचे. आई खेळी नसताना रंग बोलायची. बाबा हरले तर कोणी ओरडत नसे, जिंकले तर आम्ही अंमळ जास्तच खूश व्हायचो. हिरवी-सुतार आम्ही न भांडता चौथ्या नंबरवर लिहून टाकायचो. एकदा बाबांनी पट तसाच ढकलला. "पहिले चोर म्हणत होते ते बरं होतं," म्हणाले आणि गमछा डोळ्यांवर घेऊन पडून राहिले.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्याच्यावर आपण संशय घेतो त्याच्यात काही करायची ताकद आहे, असं आपण मनोमन धरलेलं असतं. वर्गातल्या ढ पोरावर मी कधी पाळत ठेवत नाही. हे बरोबर नाही, पण असंच आहे. बाबांवरचा संशय आम्ही काढून घेतला, आणि त्यासोबत त्यांचं इंजिन दुसऱ्यांदा काढून घेतलं.

काल यंदाच्या नवतप्याचा शेवटचा दिवस होता. पोती ओली, तेंदू गोड, बाहेर झळा. बाबांनी हिरवी-सुतार घेतली होती. पूल बांधायला लाकूड पुरेसं होतं, आणि ते झाडं मोजत बसले होते. त्यांच्या पापण्या जरा जास्तच उघडझाप करताहेत असं मला वाटलं. हा माणूस इतका साधा दिसत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. त्यांनी गोटी उचलली, बोटांत फिरवली, थांबले. आईने तोंड उघडलं, पण मी आधी ओरडले, "निळा!"

आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून दुखतंय.

बाबांनी गोटीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. "हिरवा," म्हणाले. "तुले दिसत नसन तं माझ्या डॉक्टरचा पत्ता देऊ काय?" आणि गोटी ठेवली, पूल अर्ध्यावर सोडला, पुढच्या तीन खेळ्यांत सगळे गढ घालवले आणि उसासा टाकला. "काय बाप्पा, जमतच नाही मले हे."

मला इतका राग आला! इतका आनंद झाला की रागाशिवाय तो दाखवता येईना. "लबाड!" मी ओरडले. "मुद्दाम हरले! लाकूड होतं, पूल होत होता, सारं दिसून राहिलं होतं तुम्हाले!" निखिल म्हणाला, "पूरा ड्रामा है," आणि त्याने बाबांच्या पाठीत गुद्दा घातला, जो इतक्या वर्षांत घातला नव्हता. आई म्हणाली, "हव, लग्न झालं तवापासून असेच हायेत." मी खडू घेतला, कूलरच्या पत्र्यावर सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हिरवी-सुतार, आणि समोर एक आकडा काढला.

"पहिला नंबर," मी म्हणाले. "आता बसा घरी."

बोलले आणि जीभ चावली. घरी बसा, असं बाबांना कोणी म्हणायचं नाही, हे त्या टेबलाच्या नोकरीपासून घरात न सांगता ठरलेलं होतं. निखिलचं हसू थांबलं. बाबा उठले, पत्र्यापाशी आले आणि बोटाने तो आकडा दाखवला.

"एक सालच ना?"

"एकच साल," मी म्हणाले.

"मंग चालते," बाबा म्हणाले. "घरी बसवलं अन् एका सालानं परत सोडते, असं दुसरीकडं कुठं असते?" आणि खाली बसून त्यांनी पट परत मांडायला घेतला, एकेक गोटी उचलून, मोठ्याने रंग बोलत. "काळा!" आम्ही तिघांनी पाहिलं, आणि मग बोललो.